परदेशी अर्जदाराला प्रवेश गुणांवर मिळतो की पासपोर्टवर?

पंचवटीकर: माझी भाची यंदा अमेरिकेत जीवशास्त्रातील पीएच.डी.साठी अर्ज करते आहे. अर्जात विचारलेले नागरिकत्व केवळ व्हिसाच्या कामाला लागते, असे कॉलेज रोडवरचे सल्लागार छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या टी-३२ अनुदानातून फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच विद्यावेतन देता येते. मग ज्या विभागाच्या जागा या पैशांवर भरतात, तो नागरिकत्वाकडे काणाडोळा कसा करील?

निवृत्त प्राध्यापक, नाशिक रोड: आपण एका अनुदानावरून साऱ्या व्यवस्थेला दोष देत आहात. अध्यापन साहाय्यक आणि संशोधन साहाय्यक ही कामे परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतात. शिवाय आपल्याकडे तरी काय निराळे आहे? ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ज्याला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड) मिळाले, त्याला ‘नीट’ देता येते, पण केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागेवर हक्क सांगता येत नाही.

पंचवटीकर: सर, आपल्याकडे तसे असले म्हणून तिथला प्रश्न मिटत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्याबाहेरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यावर वर्षाला १५,१०२ डॉलर जादा शुल्क लागते. टेक्सासहून आलेला अमेरिकन मुलगा वर्षभराने रहिवासी ठरू शकतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला ते शक्य नाही. तिचे हे शुल्क बहुधा विभागच भरतो, त्यामुळे दोन तुल्यबळ अर्जांपैकी स्वस्त कोणता, हा विचार कोणाच्याच मनात येत नसेल, असे मी तरी मानत नाही.

दिंडोरीची बागायतदार: दादा, एम.एस.ला उलटा अनुभव आहे. माझ्या मुलाला प्रवेशपत्र लगेच आले, कारण फी आम्हीच भरणार होतो. अडले ते आय-२० च्या वेळी, म्हणजे व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे प्रमाणपत्र मिळवताना. द्राक्षबागेचा सातबारा आणि मूल्यांकनाचा दाखला पाठवला, तर जमीन चालत नाही, बँकेतील शिल्लक, ठेव किंवा कर्जमंजुरीचे पत्र पाठवा, असे उत्तर आले. शेवटी बाग गहाण टाकून कर्ज काढले. माझ्या जावेचा मुलगा ग्रीन कार्डधारक. त्याला तिथल्या सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळाले.

निवृत्त प्राध्यापक, नाशिक रोड: ताई, म्हणजे प्रवेश मिळाला होता, अडचण पैशांची होती, माझे म्हणणे तेच आहे.

दिंडोरीची बागायतदार: सर, आय-२० हातात नसताना ते प्रवेशपत्र घेऊन मी व्हिसाच्या खिडकीवर काय दाखवणार होते?

निवृत्त प्राध्यापक, नाशिक रोड: हे मान्य. पंचवटीकर, भाचीला अर्जापूर्वीच विभागाला पत्र लिहायला सांगा: परदेशी विद्यार्थ्याचे पहिल्या वर्षाचे विद्यावेतन कोणत्या निधीतून येते? टी-३२ खेरीज दुसरा निधी नसेल, तर ते अर्जशुल्क वाचवावे.