पहिल्या रात्री ताजं काय रांधावं?

प्रश्न: जुलैत आम्ही चौघी टोरांटोहून अल्गोंक्विन या जंगलातल्या पार्कात कनू (वल्ह्यांची लहान होडी) घेऊन जातोय. 'कनू लेक' हा तलाव पार करून, 295 मीटर होडी डोक्यावर वाहून, 'जो लेक' या तलावावर पहिला मुक्काम. पुढे तीन दिवस खिचडी-उपमाच, म्हणून पहिल्या रात्री आईच्या हातचा असतो तसा चिकन रस्सा हवाय. टिकेल का चिकन?

उत्तर: नक्की टिकेल. हळद, मीठ, आलं-लसूण लावून दुहेरी पिशवीत दगडासारखं गोठवा, टॉवेलात गुंडाळा. संध्याकाळपर्यंत सुटतं. वाटण घरीच भाजून न्या. नारळाच्या दुधाचा डबा मात्र नको, पार्कच्या आतल्या भागात एकदा वापरून टाकायच्या डबे-बाटल्यांना बंदी आहे.

दुसरं उत्तर: हाडं तिथे टाकू नका ताई, अस्वलं येतात. उरलंसुरलं तंबूपासून लांब, झाडाला उंच टांगा.

प्रश्नकर्ती: मग बिनहाडाचंच घेते. सोबत घरच्या पोळ्या.