ख्रिस्ती आशा: स्वर्गात जाण्याची की मेलेल्यांतून उठण्याची?

पहाटवारा:
ख्रिस्ती अंत्यविधीत उपदेशकाच्या तोंडून अनेकदा ऐकू येतं, 'आत्मा देहाच्या बंधनातून सुटला, रडू नका.' माझ्या मते ही ख्रिस्ती आशाच नव्हे. देह तुरुंग आणि मरण सुटका हा विचार ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा. त्याने रंगवलेला त्याचा गुरू सॉक्रेटिस विषाचा पेला शांतपणे पितो. येशू मात्र अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत मरणाच्या विचाराने व्याकूळ होतो. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना रडतो. (सॉक्रेटिस आणि येशू यांची ही तुलना धर्मशास्त्रज्ञ ऑस्कर कुलमान यांनी १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानात मांडली होती.) बायबलमधली अनेक पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तर मरणाला 'शेवटचा शत्रू' म्हणतो. शत्रूला सुटका कशी म्हणायची? ३८१ सालच्या विश्वासांगीकारातही (श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत) मंडळी, म्हणजे ख्रिस्ती समाज, वाट पाहते ती मृतांच्या पुनरुत्थानाची. म्हणून शोक करणाऱ्याला गप्प करू नका. पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना शोक करायला बंदी केलेली नाही, आशा नसलेल्यांसारखा तो करू नका एवढंच म्हटलंय.

तर्कसंगत:
रडू द्यावं, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण पुनरुत्थानाला पुरावा काय? ज्या पाचशेहून अधिक जणांना येशू दिसला असं पौल लिहितो, त्यांच्यापैकी कुणाचीही स्वतःची साक्ष आपल्यापर्यंत आलेली नाही. आपलं माणूस परत भेटावं ही ओढ खरी आहे, पण ओढ खरी म्हणून भेट खरी ठरत नाही. शिवाय पुढच्या जगाच्या आश्वासनावर या जगातला अन्याय सोसायला लावलं गेलंय, तेही शतकानुशतकं.

पहाटवारा:
पौलाची ती नोंद त्या घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत लिहिलेली आहे, आणि त्या पाचशेंतले बहुतेक अजून हयात आहेत असं पौल मुद्दाम सांगतो. हा गणिती पुरावा नव्हे, मान्य. पण ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, हेही तोच लिहितो. नुसतं समाधान विकणारा माणूस असं सगळं पणाला लावत नाही. अन्यायाबद्दल तुमचा आरोप इतिहासाला धरून आहे, पण पौलाच्या पत्रातला पुनरुत्थानावरचा तो सगळा अध्याय संपतो कुठे? 'प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत' या वाक्यावर, म्हणजे कामाला लागण्यावर.

ओलावा:
पहाटवारा, मीही ख्रिस्ती आहे आणि तुमच्याशी सहमत नाही. ज्याचं माणूस काल गेलं, तो युगाच्या अंताबद्दल विचारत नाही. तो विचारतो, 'ती आत्ता कुठे आहे?' शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूने 'आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं उत्तर दिलं. पौलालाही देह सोडून ख्रिस्ताजवळ असणं अधिक बरं वाटतं, तेही फिलिप्पैकरांच्या पत्रात, प्लेटोकडे नव्हे. धार्मिकांचे आत्मे अंतिम न्यायाआधीच देवाचं दर्शन घेतात, हे पोप बाराव्या बेनेडिक्टने १३३६ मध्ये ठरवलं. आणि मेल्यावर आत्मा झोपतो या मताविरुद्ध प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने आख्खं पुस्तक लिहिलं. एरवी ज्यांचं पटत नाही अशा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन परंपरा इथे एकत्र येतात. त्या उपदेशकाचं 'रडू नका' चुकलं, पण 'ती प्रभूजवळ आहे' हे चुकलं नाही.

पहाटवारा:
'प्रभूजवळ आहे' हे मी नाकारत नाही. माझी तक्रार तिथेच थांबण्याला आहे. त्या दर्शनानंतरही देहाचं उठणं बाकी राहतं, हे १३३६ चं शिक्षणही मानतं. गेलेली कुणाचीही आई नुसता आत्मा नव्हती. तिचे हात, आवाज, चालण्याची ढब, हे सगळं देवाने निर्माण केलं होतं. ते कायमचं मातीत गेलं तर मरणाने काहीतरी जिंकलंच म्हणायचं, आणि ते मला मान्य नाही.

तर्कसंगत:
आणि जिचा विश्वासच नव्हता, त्या आईचं काय?

ओलावा:
यावर मंडळीत एकमत नाही. सुरुवातीच्या शतकांतल्या धर्मगुरूंपैकी ऑगस्टीनने चिरंतन शिक्षा ठामपणे मांडली, तर निस्साच्या ग्रेगरीने शेवटी सगळे शुद्ध होतील अशी आशा धरली. मी ग्रेगरीच्या बाजूने आहे.

पहाटवारा:
मी तिथवर जाऊ शकत नाही. न्याय नसेल तर ज्यांना मारलं गेलं त्यांना कोण उत्तर देणार? पण कुणाच्या आईबद्दल निकाल देणं माझ्या हातात नाही, आणि कबरेपाशी उभं राहून तो देणाऱ्या उपदेशकाच्याही नाही.

तर्कसंगत:
निकाल देत नाही म्हणता, पण शिक्षेची शक्यता उघडी ठेवता. माझा आक्षेप तिथेच आहे, आणि तो कायम आहे.