टोमॅटोला फूल भरपूर, सेटिंग (फळधारणा) नाही. पराग तयार होतो तरी कधी?

कृष्णाकाठचा (वाळवा, जि. सांगली)
अर्धा एकर टोमॅटो, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली लागण. मल्चिंग, ड्रिप, तार-काठी सगळं व्यवस्थित. पहिले दोन घोस बरे धरले. तिसऱ्या-चौथ्या घोसाला फूल एवढं आलं की शेजारचा बांधावर थांबून बघायचा. पण चार दिवसांत फुलं देठाच्या मधल्या गाठीतून तुटून खाली. सकाळी मल्चिंगवर बघितलं तर रानात कुणाची हळद झालीय असं वाटतं.

दुकानदारानं बोरॉन दिलं. मग टॉनिक दिलं. मग अजून एक बाटली दिली, तिचं नावही मला नीट वाचता आलं नाही. बिल २८०० च्या पुढं गेलं, गळ तशीच.

पोरगी बारावी सायन्सला आहे. तिनं कळी ब्लेडनं आडवी कापून दाखवली. "पप्पा, परागकोशात या चार खोल्या, यात पराग तयार होतो." म्हटलं, तयार होतोय तर फळ का नाही? तर म्हणाली, तेवढं पुस्तकात नाही. आता तुम्हीच सांगा. पराग फूल उमलल्यावर तयार होतो की आधी? आणि मग फवारा मारायचा तरी कधी?

बागवान_तासगाव
नत्र कमी करा भाऊ. पाला लई माजला की फूल टिकत नाही. ड्रिपमधून काय काय सोडलंय ते टाका इथं.

निवृत्त मास्तर, कराड
नत्राचं बघाच, पण पहिले दोन घोस धरले आणि पुढचे गळाले, म्हणजे मधल्या काळात हवा बदलली. दादा, रात्री तुमच्याकडं किती तापमान असतं?

तुमच्या मुलीला शाबासकी सांगा. मी उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवलं. निम्मी पोरं त्या चार खोल्यांच्या आकृतीत रंग भरतात आणि पान उलटतात.

आता तुमचा प्रश्न. फूल उमलतं तेव्हा पराग घडवण्याचं काम संपलेलं असतं. कळी साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी, हिरवी, घट्ट मिटलेली असते तेव्हा त्या चार खोल्यांत परागमातृपेशी असतात. एकेकीचं अर्धसूत्री विभाजन होऊन चार पेशी होतात, गुणसूत्रं २४ ची १२ होतात. चौघी काही काळ कॅलोज नावाच्या पदार्थाच्या वेष्टनात एकत्र राहतात, ते विरघळलं की सुट्या होतात. मग प्रत्येक कणात अजून एक विभाजन. त्यातली मोठी पेशी परागनलिका काढते, लहानीपासून पुढं दोन नरयुग्मकं (नर जननपेशी) होतात. टोमॅटोचा पराग दोन पेशींचा असतानाच बाहेर पडतो, ज्वारी-गव्हाचा तीन पेशींचा. मातृपेशी विभागल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस जातात.

आता खरी गोम. त्या खोल्यांच्या भिंतीचा सगळ्यात आतला थर, टॅपेटम. हा लग्नातला आचारी समजा. कॅलोज विरघळवणारं विकर (एन्झाइम) हाच देतो, परागांना अन्न हाच पुरवतो, वरच्या चिवट कवचाचा मालही याच्याकडूनच येतो. सगळं वाढून झालं की हा स्वतः विरून जातो. पण वेळेवर. आचारी आधीच उठून गेला तर पंगत उपाशी, आणि उठलाच नाही तरी घोटाळा. उष्णतेनं नेमकं हेच वेळापत्रक बिघडतं. टोमॅटोला दिवसाच्या उन्हाइतकीच गरम रात्रही नडते. रात्र २१-२२ अंशांच्या वर राहायला लागली की पराग पोकळ, सुरकुतलेला निघतो. फूल मात्र दिसायला झकास असतं.

उद्या सकाळी नऊ-दहाला ताजं उमललेलं फूल मोबाईलच्या काळ्या काचेवर धरा आणि देठाला टिचकी मारा. टोमॅटोचे परागकोश एकमेकांना चिकटून पिवळी नळी करतात, पराग त्या नळीच्या आतल्या बाजूला सुटतो आणि हलवलं की टोकातून पडतो. काचेवर पिवळी भुकटी दिसते का? आणि नळीच्या टोकातून हिरवट कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं मादीचं टोक, बाहेर डोकावतेय का? उन्हात तसंही होतं. मग असलेला परागही तिच्यापर्यंत पोचत नाही.

उमदीकर (जत)
आमच्याकडं उलटं. रब्बी ज्वारी पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना, थंडीची लाट आली की कणसं मोकळी. म्हातारी माणसं म्हणायची, थंडीनं पोटरी मारली. मास्तर, हाच हिशेब का?

निवृत्त मास्तर, कराड
हाच. पोटरीत असतानाच ज्वारीचे परागकण घडत असतात. म्हाताऱ्यांनी वेळ बरोबर धरली होती.

कृष्णाकाठचा
सर, बारा फुलं झटकली. तिघांची भुकटी पडली, तीही नावाला. चार फुलांत कुक्षी बाहेर. रात्रीचं तापमान पोरीनं मोबाईलवर बघितलं, २४. मग बोरॉन मारून काय झालं?

निवृत्त मास्तर, कराड
परागनलिका वाढायला बोरॉन लागतं. पण परागच मेलेला असेल तर नलिका काढणार कोण? संजीवकानं (वाढीच्या हार्मोननं) परागाशिवायही फळ धरवता येतं, पण ते बऱ्याचदा आतून पोकळ निघतं. व्यापारी दाबून बघतो आणि बाजूला टाकतो.

मावशीचा_भाचा (मिरज)
माझी मावशी राणेबेन्नूरला बियाण्याच्या प्लॉटवर असते. दुपारी, उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरून चिमट्यानं परागकोशाची नळी अख्खी उपटायची, दुसऱ्या दिवशी नराचा पराग लावायचा. नर फुलांचे परागकोश बल्बखाली वाळवून बारीक चाळणीतून गाळतात. ती म्हणते, गरमीत पाटीभर फुलं तोडली तरी वाटीच्या तळाला पिवळं दिसत नाही.

कृष्णाकाठचा
म्हणजे मी तीन फवारे मारले ते आठवड्यापूर्वीच बिघडलेल्या मालावर.

पुढच्या वर्षी लागण अलीकडं घेतो, जमलं तर वरून शेडनेट. काल संध्याकाळी वळीव झाला, रात्री गोधडी घ्यावी लागली. पोरीनं ज्वारीएवढ्या कळ्या शोधून वीसेक देठांना लाल दोरा बांधलाय. वहीत तारीख घातलीय, आणि मला दम दिलाय की त्या रांगेत पंप घेऊन शिरायचं नाही.