आजोबांची जुन्या पेपरातली बातमी शोधतोय, नाव पांडुरंग. मदत हवी आहे

फोंडेकर: माझ्या आजोबांना सत्याग्रहात पकडलं होतं, पेपरात नावासकट बातमी आली होती, असं आजी सांगायची. नेटवर जुने पेपर स्कॅन करून टाकलेत, त्यात 'पांडुरंग' टाकलं की ढीगभर निकाल. अर्धे पंढरीच्या वारीचे, उरलेल्यांत आपल्या गोवा विधानसभेचे पहिले सभापती पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर. त्यातून आमचे आजोबा कसे काढायचे? लवकर सांगा, रविवारी घरी कार्यक्रम आहे, कात्रण फ्रेम करायचंय.

कुळागरवाला: आडनाव? गाव? साल?

फोंडेकर: नाईक. साल सत्याग्रहाचंच.

कुळागरवाला: कुठला सत्याग्रह रे बाबा? १९४६चा, ५४चा की ५५चा? आणि पांडुरंग नाईक तर वाड्यावाड्यावर सापडतील.

दोतोर_नव्हे: एवढी उलटतपासणी कशाला? 'गोमन्तक'च्या जुन्या फाइली चाळा. माझ्या मामांचा नाटकातला फोटो मला तिथेच मिळाला.

पेपरवाली: 'गोमन्तक' सुरू झाला १९६२ला, मुक्तीनंतर. त्याआधीचा अंक कुठून आणणार? पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या काळात इथे छापायचं ते आधी सेन्सॉरकडे जायचं. अशा अटकेची बातमी मुंबई-बेळगावच्या पेपरांत शोधा.

दोतोर_नव्हे: मी आपलं सुचवलं. फोटो मात्र झकास आहे, टाकू का?

फोंडेकर: नको. आजी म्हणायची, लोहिया आले होते तेव्हाचं.

पेपरवाली: हे आधी सांगायचं ना! म्हणजे १९४६. १८ जूनला मडगावची सभा, आणि सप्टेंबरअखेर लोहिया परत आले तेव्हा कुळ्याच्या स्टेशनवरच धरले. जून ते वर्षअखेर एवढंच बघा. नुसतं पहिलं नाव टाकू नका, बापाचं नाव जोडा. स्कॅन वाचणारं यंत्र अनुस्वार खातं, तेव्हा 'पाडुरग' असंही टाकून बघा. पोर्तुगीज पेपरात 'पांडुरोंगा' मिळेल आणि नाईकमध्ये 'के'च्या जागी क्यू-यू-ई. 'हेराल्दो' तर १९८३पर्यंत पोर्तुगीजच होता.

कुळागरवाला: स्कॅनबिन सोडा. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसा, हाताने पानं उलटा. १८३२ची लायब्ररी आहे ती.

पेपरवाली: तारीख माहीत नसताना पानं उलटत बसलात तर रविवार कुठला, चवथ उजाडेल.

कुळागरवाला: आम्ही तसंच शोधलं. तुमच्या यंत्राला जोडाक्षर वाचता येत नाही आणि तुम्ही आम्हाला शिकवा.

लिस्बनवारी: आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यातला ना? मग जन्मनोंद काढून लिस्बनला पाठवा. नाव मात्र सगळ्या कागदांवर एकसारखं लागतं, एका अक्षराने अडतं. माझ्या ओळखीचा माणूस आहे.

फोंडेकर: पोर्तुगीज पासपोर्ट नको हो, कात्रण हवंय. पणजोबांचं नाव विठ्ठल.

कुळागरवाला: पांडुरंग विठ्ठल! घ्या, आता वारीच्या बातम्या दुप्पट.

पेपरवाली: मग गावाचं नाव जोडा. ते अजून सांगितलेलंच नाही. नावावरून फोंड्याचे धरायचं का?

फोंडेकर: नाही, फोंड्याला मी राहतो. आजोबा केप्याचे.

पेपरवाली: धन्य! केपें धरून शोधा. आणि गॅझेटियर विभागाने स्वातंत्र्यसैनिकांची इंग्रजी परिचयसूची काढली आहे, ती लायब्ररीत मागा. आजोबांना पेन्शन होती का? ताम्रपट वगैरे?

फोंडेकर: पेन्शन होती. ताम्रपट हॉलमध्ये टांगलाय. त्याचा काय संबंध?

पेपरवाली: अहो, पेन्शन होती म्हणजे अर्ज केला असणार, आणि अर्जात कधी पकडलं, किती दिवस ठेवलं ते लिहावंच लागतं. त्याची प्रत घरात शोधा. तारीख हातात आली की पुढच्या आठवड्याभराचे अंक बघायचे, एका सकाळचं काम.

फोंडेकर: आजोबांचे कागद सगळे धाकट्या काकांकडे. वाटण्या झाल्यापासून ते आमच्याशी बोलत नाहीत. दुसरा काही उपाय?