मदत हवी आहे: पुण्याहून रत्नागिरीला कॉलेज बदलतेय, कागदांचा नुसता राडा झालाय

पावसाळी_बेडूक

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, लांबलाय त्याबद्दल आधीच सॉरी.

पुण्यात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचं पहिलं वर्ष आत्ताच संपलं, दोन्ही सेमिस्टर क्लिअर, एटीकेटी नाही. मार्चमध्ये बाबांची बायपास झाली आणि रत्नागिरीतलं आमचं स्टेशनरीचं दुकान तेव्हापासून आई एकटी ओढतेय, म्हणून सेकंड इयरला घरी परत जायचं ठरलंय. आता गंमत अशी की पुण्याहून रत्नागिरी म्हणजे नुसतं कॉलेज नाही तर विद्यापीठच बदलतं, कारण रत्नागिरी मुंबई विद्यापीठात येतं. मी तीन ठिकाणी विचारून ठेवलंय, एक रत्नागिरी, एक चिपळूण आणि कुठेच नाही झालं तर कोल्हापूर, तिथे मावशी आहे आणि निदान शनिवार-रविवार घरी जाता येईल. पण कोल्हापूर म्हणजे परत तिसरंच, शिवाजी विद्यापीठ.

तिन्हीकडे मागतात ते कागद सत्तर टक्के सारखे आणि उरलेल्या तीस टक्क्यांनी माझं डोकं फिरवलंय. कोणाला एनओसी (जुन्या कॉलेजचं ना-हरकत पत्र) आधी हवी, कोणाला सिलॅबस कॉलेजच्या शिक्क्यासकट हवा, कोण म्हणतं मायग्रेशन (जुनं विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र) असेल तरच ये. मी एक्सेल शीट केली होती, पहिले चार दिवस मस्त रंगबिरंगी ठेवली आणि पाचव्या दिवसापासून उघडलीच नाही. फोटो सगळे व्हॉट्सॅपवर स्वतःलाच पाठवलेत, त्यातच मेसचे क्यूआर आणि बाबांचे रिपोर्ट, मार्कशीट शोधायची म्हणजे वर स्क्रोल करत बसायचं. आणि स्कॅनरचं फुकटचं ॲप वापरलं तर त्याने प्रत्येक पानावर खाली आपली जाहिरात छापली, चिपळूणच्या मॅडम म्हणाल्या हे चालणार नाही, परत कर.

कळस सांगते. मागच्या मंगळवारी कर्वे रोडला झेरॉक्स काढली, पैसे दिले, बसमध्ये बसले, स्वारगेटला उतरून फाईल बघते तर बारावीची ओरिजिनल मार्कशीट नाही. मशीनच्या काचेवरच राहिली होती!! धावत परत गेले तर दुकानवाल्या काकांनी ड्रॉवरमधून काढून हातात दिली आणि म्हणाले, रोज एक तरी येतं असं. माझे हातपाय अजून कापतात आठवलं की. स्टेशनरीवाल्याच्या घरातली पोरगी आणि साधी फाईल लावता येत नाही, आई हसून हसून बेजार.

पण खरा अडकलेला काटा वेगळाच आहे. रत्नागिरीवाले म्हणतात जुन्या कॉलेजचा दाखला (कॉलेज सोडल्याचा) आणा मग प्रवेश देतो. पुण्याचं ऑफिस म्हणतं तिथला प्रवेश झाल्याचं पत्र आणा मग दाखला देतो. मी मध्ये. १५ दिवसांपूर्वी पुण्याच्या ऑफिसात एनओसीचा अर्ज दिला होता, परवा विचारायला गेले तर 'असा अर्ज आलेलाच नाही'. माझ्याकडे पुरावा शून्य.

कोणी असं विद्यापीठ बदलून गेलंय का? सगळं डोक्याबाहेर कसं काढलंत, म्हणजे वही, ॲप, काहीही? आणि दाखला कधी काढायचा?

खडू_डस्टर

दुसऱ्या वर्षाला कशाला बदलताय, दोन वर्षं काढा की तिथेच. ट्रान्सफरच्या भानगडीत एक वर्ष फुकट गेलेली मुलं पाहिलीत.

पावसाळी_बेडूक

दादा, धाग्यात कारण लिहिलंय. 🙂

निवृत्त_हेडक्लार्क

बेडूकताई, तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो.

पहिली गोष्ट. दाखला सगळ्यात शेवटी. दाखला हातात पडला की तुमचं नाव पटावरून गेलं, मग इकडेही नाही आणि तिकडेही नाही. आणि तो हरवला तर दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र वगैरे करत फिरावं लागतं. म्हणून तीन कॉलेजांपैकी एकाने लेखी होकार दिल्याशिवाय दाखल्याला हात लावू नका.

तुम्ही जो काटा म्हणताय तो दर जून-जुलैला दहा पोरांना टोचतो. तो निघतो असा: रत्नागिरीच्या प्राचार्यांच्या नावाने अर्ज करा, त्यात लिहा की 'जागा रिक्त असल्यास प्रवेश देण्यास हरकत नसल्याचे पत्र मिळावे'. हे प्रवेशाचं पत्र नव्हे, हे फक्त 'आम्ही घेऊ' असं सांगणारं पत्र. बऱ्याच ठिकाणी ते देतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही. ते पत्र जोडून पुण्याला एनओसी मागा. मग नवीन विद्यापीठाकडून विषय जुळतात की नाही ते बघून पात्रता (म्हणजे प्रवेशाला त्यांची मंजुरी), आणि ती होईल असं दिसलं की दाखला आणि मायग्रेशन. मायग्रेशन कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं, ऑनलाइन अर्ज करून फी भरायची.

तुमची एक्सेल का बंद पडली सांगू? तुम्ही कागदांची यादी केलीत. कोणता कागद कोणासाठी थांबलाय ते नाही लिहिलंत. शंभर पानी वही घ्या, एका कॉलेजला एक पान, आणि प्रत्येक ओळीत एवढंच: काय हवंय, कोणाच्या टेबलावर आहे, परत कधी विचारायचं. 'झालं' असा रकाना करू नका, ऑफिसात काहीच झालेलं नसतं, फक्त पुढच्या टेबलावर गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट, कोणताही अर्ज एकच प्रत घेऊन जायचं नाही. दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याच्या रजिस्टरमधल्या नोंदीचा नंबर), तारीख आणि शिक्का मारून घ्या. क्लार्क म्हणेल 'कशाला, ठेवून जा', तुम्ही हसून तिथेच उभ्या राहा. आवक क्रमांक असेल तर रजिस्टर काढायला लावता येतं, आणि रजिस्टर निघालं की अर्ज सापडतोच. तुमचा आधीचा अर्ज आता विसरा, नवीन द्या.

रविवारचा_चहा

काकांनी बाकी सांगितलंच, मी औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) मुंबईला आले होते, माझ्या दोनतीन गोष्टी.

ओरिजिनलची फाईल वेगळ्या रंगाची ठेव आणि ती कधीच बाहेर काढायची नाही, व्हेरिफिकेशन सोडून. झेरॉक्स काढायला ओरिजिनल नेऊच नको, एकदाच नीट स्कॅन करून पीडीएफ कर आणि दुकानात पेन ड्राइव्ह ने. एका कागदाला एक पीडीएफ, आणि नाव असं: बारावी मार्कशीट, पहिली सेम, दुसरी सेम, नॉन क्रिमी लेयर. फोनमध्ये वेगळं फोल्डर, व्हॉट्सॅप नाही. फॉर्मला २०० केबी वगैरे साइज मागतात म्हणून प्रत्येकाची छोटी कॉपी आधीच करून ठेव, शेवटच्या रात्री फाईल बारीक करत बसू नको.

आणि नाव बघ!! आधार, दहावी, बारावी, विद्यापीठाची मार्कशीट, चारही ठिकाणी स्पेलिंग. माझ्या एकाच मार्कशीटवर आडनावात एक 'ए' जास्त होता, त्यावर दोन आठवडे गेले.

कॅलेंडर मी कालनिर्णयच वापरलं, भिंतीवरचं. मागच्या चौकोनात एकादशी आणि पुढच्यात 'पात्रता विभागाला फोन'. ॲप बंद करता येतं, भिंत बंद करता येत नाही.

क्रेडिटचा_कारकून

विषयांचं कोणीच बोललं नाही. तुमचं नवीन शैक्षणिक धोरणाचं पहिलं वर्ष झालंय ना, मग तुमचे ४० ते ४४ क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेले अभ्यासाचे अंक) असतील. नवीन विद्यापीठ बेरीज बघत नाही, कशाचे क्रेडिट ते बघतं. तुमचं इलेक्ट्रॉनिक्स असेल आणि तिथे नसेल तर त्याचं काय करणार हे आत्ताच विचारा, प्रवेशानंतर नाही. त्यासाठीच सिलॅबस मागतात, पेपरवार छापून प्रत्येक पानावर शिक्का घ्या, नुसती वेबसाइटची लिंक चालत नाही.

एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) तोच राहतो, १२ आकडी, कॉलेज बदललं म्हणून नवा काढू नका. डिजिलॉकरमध्ये जाऊन दोन्ही सेमचे क्रेडिट दिसतात का बघा, दिसत नसतील तर पुण्यात असतानाच मागे लागा. रत्नागिरीत बसून पुण्याच्या परीक्षा विभागाला फोन लावणं म्हणजे काय ते तुम्हालाच कळेल.

फीचं पण. बॅकअप म्हणून कोल्हापूरला भरलीत आणि मग रद्द केलंत तर किती परत मिळेल ते तारखेवर ठरतं. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी (थोडी प्रोसेसिंग कापून), मग ९०, ८०, ५० टक्के अशी उतरत जाते, आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. मध्ये काही वर्षं युजीसीने वेगळी परिपत्रकंही काढलीत, तर या वर्षीचं बघून घ्या. त्याच नियमात ओरिजिनल मार्कशीट अडकवून ठेवायची नाही असंही आहे, बघून परत द्यायची.

पावसाळी_बेडूक

बापरे, सगळ्यांचे खूप आभार. काका, वही आणली, दुकानातलीच, आईने फोनवर सांगितलं पैसे लिहून ठेव. 😄 तीन पानं भरली आणि पहिल्यांदा कळलं की अकरा गोष्टींपैकी सात रत्नागिरीच्या त्या एका पत्रासाठी थांबल्यात, म्हणजे मी उगाच चार ऑफिसांत धावत होते.

डिजिलॉकर बघितलं, पहिल्या सेमचे क्रेडिट आहेत, दुसऱ्याचे नाहीत. आणि चहाताई, नाव चेक केलं, बारावीवर आईचं नाव 'सुनिता' आहे आणि बाकी सगळीकडे 'सुनीता'. हे पण अडेल का, की आईच्या नावाचं चालतं?

आज रात्रीच्या गाडीने निघतेय, उद्या ११ ला रत्नागिरीचं ऑफिस उघडलं की अर्जाच्या दोन प्रती घेऊन दारात. काका, एकच राहिलं, तिथले क्लार्क फोनवर म्हणाले की आवकचा शिक्का दुसऱ्या खिडकीवर मिळतो आणि ती खिडकी दुपारी तीनलाच उघडते, तर अर्ज तोपर्यंत माझ्याकडेच ठेवू ना?

निवृत्त_हेडक्लार्क

हो, अजिबात सोडू नका. आणि तीनची खिडकी साडेतीनला उघडते, डबा घेऊन जा.