बॉल पायथन काही केल्या खात नाहीये, काय करू?

म्हापशेकर_पोरगो:
नमस्कार मंडळी, पावसाच्या सुरुवातीला बॉल पायथनचं (पाळतात तो परदेशी अजगर) पिल्लू घेतलंय, नाव बेबिंका (अंगावरचे थर बघून बहिणीने ठेवलं, आपल्या गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थावरून). ज्याच्याकडून घेतला तो म्हणाला की एकदम मस्त खातो, दर आठवड्याला एक उंदीर. पण माझ्याकडे आल्यापासून तोंडच उघडत नाहीये. फ्रोझन रॅटची पिल्लं आणलीयत, कोमट पाण्यात ठेवून देतो, समोर धरली की डोकं वेटोळ्यात खुपसून चेंडू होऊन बसतो, बस. रोज संध्याकाळी ट्राय करतो, हातावर घेऊन पण बघितलं म्हटलं जरा मोकळा होईल तर काही नाही. पाणी पितो. कात एकदा टाकलीय, सलग निघाली. टँक हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, काच तिन्ही बाजूंनी उघडी, खाली कोकोपीट, एक हीट मॅट, आणि यूट्यूबवर सगळे सांगतात ह्युमिडिटी वाढवा म्हणून दिवसातून दोनदा स्प्रे मारतो. आई रोज विचारते मेला की काय. जबरदस्तीने भरवायचं असतं का? कोणीतरी सांगा प्लीज.

दिवाडकर:
दूध पाजून बघ, नागपंचमी जवळ आलीय 😄 मस्करी हां, खरंच पाजू नको, साप दूध पचवत नाही, बाकीचे जाणकार येतीलच.

सत्तरीचा_सर्पमित्र:
आधी एक सांगतो, जबरदस्ती अजिबात नको. नवख्या माणसाने तोंड उघडायला गेलं की जबड्याला लागतं, वर उलटी झाली तर पुढे दहा-चौदा दिवस काहीच देता येत नाही, म्हणजे होतं त्याच्याहून वाईट. ते शेवटचं काम आणि ते डॉक्टरचं.

आता तुझ्या पोस्टमधलंच घेऊ. रोज ट्राय करतोस, हातावर घेतोस, टँक टीव्हीजवळ, काच उघडी, लपायला जागा असल्याचं तू कुठेच लिहिलं नाहीस. अरे हा प्राणी पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन तिकडचा, दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याला हॉलमध्ये मांडून ठेवलाय म्हणजे चोवीस तास भीतीच. डोकं वेटोळ्यात घालून बसतो ते म्हणूनच, बॉल हे नाव त्यावरूनच पडलंय, तो नखरा नव्हे. दोन लपणं ठेव, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, आणि मोठी नकोत, आत शिरल्यावर अंग चारी बाजूंनी टेकलं पाहिजे. फुटकं मडकं पालथं घातलं तरी चालतं, फक्त कडा घासून घे. तिन्ही काचांना बाहेरून काळा कागद लाव. आणि नीट खायला लागेपर्यंत हात लावायचा नाही, पाणी बदलायचं, घाण काढायची, संपलं.

दुसरं, गरम बाजूला जमिनीचं टेंपरेचर किती आहे? टँकच्या भिंतीवर चिकटवलेल्या गोल डायलवर जाऊ नको, तो हवेचं दाखवतो आणि तेही अंदाजपंचे. प्रोब घे नाहीतर टेंपरेचर गन, आणि जिथे त्याचं पोट टेकतं तिथे माप. गरम बाजू ३१ ते ३२, थंड बाजू २५ ते २७. पोट गरम नसेल तर पचणार नाही आणि पचणार नसेल तर तो घेणार नाही, एवढा हिशोब त्याला कळतो. मॅटला थर्मोस्टॅट आहे का? नसेल तर आधी तो आण, नुसती मॅट ४० च्या वर जाऊन पोट भाजते.

आणि स्प्रे बंद कर बाबा!! ते यूट्यूबवाले जिथे हीटर लावून घर कोरडं पडतं तिथले. आपल्याकडे आषाढात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, हवेतच ८५-९० टक्के दमटपणा असतो, त्यात तू दोनदा पाणी मारतोस. त्याला ६० च्या आसपास पुरतं. कोकोपीट हातात घेऊन दाब, पाणी सुटलं तर सगळं काढून कोरडं घाल, झाकणाची जाळी मोकळी ठेव. ओल्यात पडून राहिला की पोटाचे खवले लालसर तपकिरी होतात, नाहीतर छाती भरते. तोंड उघडं ठेवून बसणं, मान वर करून राहणं, नाकातोंडाशी फेस, श्वास घेताना टिकटिक आवाज, यातलं काही दिसलं तर फोरमवर विचारत बसू नको, एक्झॉटिक म्हणजे असले वेगळे पाळीव प्राणी बघणारा डॉक्टर गाठ.

म्हापशेकर_पोरगो:
दादा देव बरें करूं, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. आत्ताच शेजाऱ्यांकडून टेंपरेचर गन आणून मापलं, मॅटच्या वर २७ आलं, कोकोपीटचा थरच जाड आहे खूप. आणि रात्री लाईट जाते तेव्हा काय करायचं? काल तर पहाटेपर्यंत नव्हती.

कुळागरवाला:
थर्मोस्टॅट लागला की थर पातळ करा. मॅट अगदी कमी वॅटची असते, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालते, तेवढा एक पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. तोवर टँकच्या मागे आणि बाजूला थर्माकोल लावा, आणि लाईट गेली की गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवून ठेवायची, आत नाही.

बाकी खाण्याचं म्हणाल तर माझं मत जरा वेगळंय. विकणाऱ्याला फोन करून विचारा तो नक्की काय देत होता. बहुतेक जिवंत माईस (लहान जातीचे उंदीर) देत असणार, आणि तुम्ही देताय फ्रोझन रॅट (मोठ्या जातीचे). बेबिंकाच्या लेखी ते खाणंच नाही, वास वेगळा हालचाल नाही. एकदा जिवंत द्या, बघा कसा झडप घालतो. आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) उंदीर हवे तेवढे, सापळा लावून पकडून देऊ का?

सत्तरीचा_सर्पमित्र:
कुळागरचा उंदीर नको हो! लोक सगळीकडे विषाच्या वड्या टाकतात, अर्धमेला उंदीर सापाच्या पोटात गेला की साप पण गेला, जंत आहेत ते वेगळेच, आणि पावसात लेप्टो (उंदरांच्या मुतातून होणारा ताप) गोव्यात नवीन नाही, तो उंदीर हाताळणार माणूसच ना.

माईस-रॅटचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. ज्याच्यावर वाढलाय तेच आधी द्या, रॅटवर नंतर आणता येतो. जिवंतच द्यायची वेळ आली तर डोळे न उघडलेलं पिल्लू द्या, ते चावू शकत नाही. मोठा उंदीर टँकमध्ये सोडून झोपायला जाऊ नका, भुकेला साप हलत नाही आणि उंदीर त्याला कुरतडतो, पाठीचा मणका दिसेपर्यंत खाल्लेले साप मी बघितलेत.

फ्रोझन द्यायची पद्धत अशी. रात्रभर खालच्या फ्रीजमध्ये ठेवून बर्फ पूर्ण सुटू दे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, फुटतो, घरात राहता येणार नाही. कोमटने काम होत नाही, उंदराच्या अंगाची ऊब साधारण ३७-३८ असते तेवढी पाहिजे, कारण याच्या वरच्या ओठावर जे खड्डे दिसतात त्यांनी तो ऊब बघतो. देताना डोकं परत एकदा गरम पाण्यात बुडवून पुसून घे, म्हणजे डोकं अंगापेक्षा गरम. अंधार पडल्यावर, घरातले झोपल्यावर, लांब चिमट्याने कमरेला धरून लपणाच्या तोंडाशी हळू हलव, नाकावर नेऊ नको. जीभ हळूहळू यायला लागली आणि मान मागे ओढून इंग्रजी एस झाली की तू थिजून उभा राहा. डोकं फिरवलं तर उंदीर लपणाशी ठेवून निघून जा, बरेच जण पहाटे गुपचूप खातात. सकाळी तसाच असेल तर फेकून दे. परत प्रयत्न आठवड्याने, त्याआधी नाही. डोळे दुधाळ निळसर दिसत असतील तर कात येतेय, तेव्हा देऊच नको. साइज त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, जास्त नको.

पेडणेकर_ताई:
घरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून लिहून ठेव, डब्यात बसवून. वजन तेवढंच राहतंय तोवर घाबरू नको, मोठे बॉल पायथन महिनोनमहिने उपास करतात, पिल्लाला मात्र तेवढी सवलत नाही. दहा टक्क्यांच्या वर उतरलं की डॉक्टर. आणि दिवसभर पाण्याच्या वाटीत बसून राहतोय का, अंगावर बारीक काळे ठिपके फिरतायत का ते बघ, माइट्स असले तरी खात नाहीत.

आणखी एक, कागद केलेयस का? बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, CITES) परिशिष्ट दोनमध्ये येतो, २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, विकणाऱ्याकडून पण हस्तांतराचे कागद माग. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, पावसात भाटात (बागेत) सापडलेला अजगर हा बॉल पायथन नव्हे, तो आपला भारतीय अजगर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, पाळायचा नसतो, वनखात्याला फोन करायचा.

म्हापशेकर_पोरगो:
कागद मागितलेत ताई, उद्या देतो म्हणतोय. विकणारा आता कबूल करतोय की जिवंत माईसच देत होता 😑 टँक आतल्या खोलीत हलवला, दोन मडकी ठेवली, थर्मोस्टॅट ऑर्डर केलाय. आठवडाभर त्याच्याकडे बघणार पण नाही.

फक्त एक अडचण, आईच्या फ्रीजरमध्ये सुंगटांच्या (कोळंबीच्या) शेजारी उंदीर ठेवलेले तिला अजून माहीत नव्हते, आज कळलं. चतुर्थीच्या आधी फ्रीजर रिकामा पाहिजे म्हणतेय.

दिवाडकर:
चतुर्थीपुरते माझ्याकडे ठेव, माझा बियरचा फ्रीज आहे वेगळा. डबा घट्ट झाकणाचा आण आणि वर नाव लिही.