विषय: परत ट्रिमर! बॅटरी १२ मिनिटांत बसते (चवथीच्या आधी उत्तर हवंय)

सचिव, पर्वरी — शुक्रवार रात्री ९.४०

मंडळी, परत तेच. आज हॉलच्या मागचं गवत मारायला घेतलं, तुळशीपासून विहिरीपर्यंतसुद्धा पोचलो नाही तोवर मशीन आचके द्यायला लागलं आणि बंद. घड्याळ लावून बघितलं, १२ मिनिटं. परत फुल चार्ज केली, परत १२-१३. गेल्या वर्षी याच बॅटरीवर अर्धा तास आरामात निघायचा, वहिनी साक्षीला आहेत. चवथ अकरा दिवसांवर आली, गवत गुडघ्याच्या वर गेलंय आणि पाऊस उघडीप देतो ती तासाभराची, त्यात मी चार्जिंगचा दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसायचं का? दुसरी बॅटरी घ्यायची म्हटलं तर ही ४० व्होल्टवाली पणजीत दोन दुकानांत विचारली, दोघांनी मान हलवली. ज्यांच्याकडे बॅटरीवालं आहे त्यांनी आपापला अनुभव लिहा. पेट्रोलवाल्यांनी कृपया थांबा, तुमचं मागच्या वर्षी ऐकून झालंय.

ता.क. रजिस्टरात शेवटची नोंद जूनची आहे. त्यानंतर मशीन कोणी कोणी नेलं ते कोणी लिहिलेलं नाही.

साळगावचे काका — शुक्रवार रात्री १०.२५

अरे ती बॅटरी तुम्ही ठेवता कुठे ते आधी सांग. मी मेमध्ये हॉलवर आलो होतो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये चार्जरलाच लावून ठेवलेली होती, पत्र्यावर हात टेकवत नव्हता. लिथियमला दोनच गोष्टी मारतात, उष्णता आणि महिनोन्महिने फुल भरून ठेवणं. निम्मी भरलेली, घरात, सावलीत ठेवायची. आणि काम झाल्या झाल्या गरम बॅटरी चार्जरला लावायची नाही, आधी थंड होऊ दे. माझं मकिताचं १८ व्होल्टचं आहे, ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या, त्याच बॅटऱ्यांवर ड्रिल पण चालतं, चौथा पावसाळा चाललाय आणि काही तक्रार नाही. फक्त चिऱ्याच्या गडग्यापाशी जपून. चिरा ही गवत कापणारी फिरती नायलॉनची दोरी खातो, खातो म्हणजे शब्दशः, एका गडग्याला अर्धं रीळ जातं. मी गडग्यापासून वीतभर सोडून देतो आणि तेवढं विळ्याने काढतो. अजून एक, दोरीचं रीळ रात्रभर पाण्यात घालून ठेवा. सुकलेलं नायलॉन कडक होतं आणि तुटतं, पाणी प्यालं की चिवट राहतं. लोक हसतात, हसू देत.

वाळपईहून — शुक्रवार रात्री ११.०२

थांबा म्हटलंय तरी लिहितो. आमच्या काजूच्या भाटात रानमोडी माणसाच्या उंचीची होते, तिचं खोड लाकडासारखं, तिथे तुमची ती दोरी काय करणार? पात्याचं पेट्रोल मशीन लागतं. काजूचा मोसम सुरू व्हायच्या आधी खालची जमीन साफ झाली नाही तर पडलेली बोंडं दिसत नाहीत, ते काम तासातासाने चार्जिंग करत होणार आहे का. बॅटरीवालं म्हणजे शहरातल्या लॉनला ठीक. मंडळाला खरंच मशीन हवं असेल तर एकदाच चांगलं टू-स्ट्रोक घ्या आणि विषय संपवा.

फोंड्याच्या वहिनी — शनिवार सकाळी ६.५०

टू-स्ट्रोकचं नावही काढू नका हो. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी तसल्या मशीनवाल्या माणसाला बोलावलं, त्याने कानात बोळे घातलेले, डोळ्यांवर चष्मा, मी खिडकीतून ओरडतेय ते त्याला ऐकूच आलं नाही आणि माझी अळवाची अख्खी रांग भुईसपाट. ऋषिपंचमीच्या भाजीला अळू मी बाजारातून विकत आणलं, स्वतःचं पोरसू असताना! शिवाय कुंपणावर चढलेलं कांगणाचं वेल माटोळीसाठी (गणपतीच्या वर बांधतो ती) राखून ठेवलं होतं, ते पण मुळापासून. माणूस हातात विळा घेऊन वाकला की त्याला दिसतं काय कापतोय ते. मशीन उभ्याने चालतं, मग सगळंच गवत.

बॅटरीवाल्याचा आवाज कमी असतो, निदान हाक तरी ऐकू येते, म्हणून मी त्याच्या बाजूने. १२ मिनिटांचं मला काही कळत नाही. पण हो, गेल्या वर्षी अर्धा तास चालायचं, मी चहा घेऊन आले होते तेव्हा चालूच होतं.

डिचोलीहून — शनिवार सकाळी ८.१५

मशीन मी दिलेलं असल्यामुळे बोलणं भाग आहे. न्यू जर्सीहून कायमचे परत आलो तेव्हा ते सामानात घालून आणलं आणि बॅटरी हातातल्या बॅगेत. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनला चालत नाही, आणि १०० वॉट-तासांपर्यंतचीच विनापरवानगी नेता येते. ही २.५ अँपिअर-तासाची, म्हणजे ३६ व्होल्ट (डब्यावर ४० असलं तरी हिशोबाला ३६च) गुणिले अडीच, ९० वॉट-तास. म्हणूनच लहान घेतली होती, तेव्हा काही जण म्हणाले होते कंजूषपणा केला.

आता मुद्दा. चार्जर अमेरिकेचा आहे, त्याच्यावर स्वच्छ लिहिलंय इनपुट १२० व्होल्ट, १.८ अँपिअर. म्हणजे २१६ व्हीए. म्हणून सोबत २३० चे १२० व्होल्ट करणारा ३०० व्हीएचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर दिला होता, निळा, जड, हँडलवाला. तो अजून आहे ना? का कोणीतरी तो प्रवासात वापरतात तसला पाच बोटांएवढा कन्व्हर्टर लावलाय? त्यातले स्वस्तातले इस्त्री-हेअर ड्रायरसाठी असतात, इलेक्ट्रॉनिक चार्जरला ते चालत नाहीत. कृपया कोणीही तो चार्जर थेट भिंतीतल्या २३० ला लावू नये. मी ट्रान्सफॉर्मरवर मार्करने लिहूनही ठेवलं होतं.

मस्कतहून (घर पेडण्याला) — शनिवार सकाळी ९.०५

काका मोबाईलचा चार्जर तर कुठेही चालतो, अमेरिका काय भारत काय, मग याचंच काय वेगळं? उगाच ट्रान्सफॉर्मर ठेवून गुंता वाढवलाय असं मला वाटतं. मी डिसेंबरमध्ये येतोय, इथून ईगोचं ५६ व्होल्टचं घेऊन येऊ का, ५ अँपिअर-तासाची बॅटरी, इथला करंट आपल्यासारखाच आहे त्यामुळे चार्जरचा प्रश्न नाही. मंडळाने निम्मे द्यावेत. आणि साळगावच्या काकांच्या १८ पेक्षा २० व्होल्टवाली तरी घ्यायची होती.

डिचोलीहून — शनिवार सकाळी ९.२०

मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं. ते वाच. यावर फक्त १२० लिहिलंय. तेही वाच. आणि ५६ गुणिले ५ म्हणजे २८० वॉट-तास, १६० च्या वरची बॅटरी प्रवासी विमानात घेतच नाहीत, ना हातात ना सामानात. विमानतळावर काढून ठेवतील आणि तू नुसता दांडा घेऊन पेडण्याला उतरशील.

साळगावचे काका — शनिवार सकाळी ९.४८

२० आणि १८ एकच रे बाबा! आत पाच सेल, पूर्ण भरलेला सेल ४ व्होल्टच्या आसपास म्हणून डब्यावर २०, काम करताना सरासरी ३.६ म्हणून १८. आमच्या ४० ला ३६ म्हणतात तसंच. विक्रीची गंमत आहे. पण कोणीही माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, बॅटरी शेडमध्ये आहे की घरात?

खजिनदार — शनिवार दुपारी १२.३०

सगळे मेल वाचले. नवीन मशीन, नवीन बॅटरी, निम्मे पैसे वगैरे कशालाही मंजुरी नाही. चवथीचा मंडप, भजनाची बैठक, जनरेटर, एवढं बाहेर जाणार आहे. मशीन मिळालं भेट म्हणून, पण त्याच्या ट्रान्सफॉर्मरची वायर, रीळ, पुन्हा रीळ, मग जाडं रीळ, असं करत माझ्याकडे चार पावत्या आहेत. जाडं रीळ कोणाच्या सांगण्यावरून आणलं ते पावतीवर नाही. रजिस्टर सचिवांच्या ताब्यात असतं, त्यामुळे नोंद नाही हे त्यांनीच आम्हाला सांगणं जरा गमतीचं आहे.

म्हापशाहून — शनिवार दुपारी ३.१०

खजिनदारांच्या मेलमधलं "जाडं रीळ" वाचून थांबलो. सचिव, दोन गोष्टी बघून कळवा. एक, आत्ता मशीनच्या डोक्यात (खाली रीळ फिरतं तिथे) दोरी किती मिलिमीटरची आहे. दोन, गार्ड, म्हणजे दोरीवरचं झाकण, जागेवर आहे का.

कारण सांगतो, थोडं लांबेल. ९० वॉट-तासांतून १२ मिनिटं म्हणजे मोटर साधारण ४५० वॉट ओढतेय. अर्धा तास चालायची तेव्हा १८० ओढत होती. बॅटरी म्हातारी झाली तर कमी होते हे बरोबर, पण एका वर्षात निम्म्याच्याही खाली, तेही पावसाळ्यापुरतं वापरून? मला पटत नाही. गार्डच्या कडेला आतून एक छोटं पातं असतं, दोरी जास्त बाहेर आली की ते तिला ठरल्या लांबीवर तोडतं. गार्ड काढला की पातं गेलं, दोरी वाटेल तेवढी लांब फिरते. आणि हवेची ओढ लांबीच्या चौथ्या घाताने वाढते, वेग तोच धरला तर. म्हणजे दोरी नुसती पावपट लांब झाली की ओढ जवळजवळ अडीचपट. १८० गुणिले अडीच किती होतात ते करून बघा. त्यावर २ मिलिमीटरच्या जागी ३ ची दोरी घातली असेल तर त्याची ओढ आणखी वेगळी. गवत कापायच्या आधी अर्धी बॅटरी हवा कापण्यातच जाते.

हे हलकं मशीन आहे, त्याला हलकीच दोरी. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसने १९७१ मध्ये पहिलं बनवलं ते कार धुण्याच्या फिरत्या ब्रशांवरून सुचून, पत्र्याच्या डब्याला मासे धरायची दोरी लावून. मासे धरायची दोरी, जहाज बांधायची नव्हे.

आणि डोक्याला हात लावायच्या आधी बॅटरी काढा. ट्रिगर सोडला म्हणजे बंद झालं असं नव्हे.

सचिव, पर्वरी — शनिवार संध्याकाळी ५.४५

गार्ड नाहीये!!! बॅटरी काढून आत्ता बघून आलो. दोन स्क्रूची भोकं रिकामी. दोरी जाड आहे, पट्टी लावली तर ३ च्या आसपास, आणि एका बाजूने माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब. मी इतके दिवस तसंच वापरत होतो, नडगीवर खडे बसत होते ते मला वाटलं पावसामुळे माती सैल झालीय म्हणून.

काका, बॅटरी घरात आहे, फ्रिजवर. ट्रान्सफॉर्मर निळाच आहे. रजिस्टर कपाटात असतं आणि कपाटाची एक किल्ली खजिनदारांकडेही आहे एवढंच म्हणतो.

गार्ड कोणी काढला?

वाळपईहून — शनिवार संध्याकाळी ७.२०

मी काढला. त्यात लपवायचं काय आहे. जुलैत मीच एकटा आलो होतो हॉलचं गवत मारायला, बाकीचे "पाऊस आहे" म्हणत घरी. ओलं गवत गार्डच्या खाली असं गच्च बसतं की लापशी झाल्यासारखी, दर पाच मिनिटांनी उलटं करून काठीने खरवडायचं. वैताग येऊन काढून टाकला. आमच्या पेट्रोलवाल्याला पातं लावतो म्हणून तिथे ठेवतो, दोरीला काय गरज असं वाटलं. त्यात पातळ दोरी तुटत होती म्हणून जाडी मागवली, ती खजिनदारांनीच आणून दिली, "कशाला" असं विचारलंही नाही.

तो चौथ्या घाताचा हिशोब पटला. पण लापशीचं काय ते कोणीतरी सांगा, त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

फोंड्याच्या वहिनी — शनिवार रात्री ८.०५

म्हणजे त्या दिवशी आमच्या गाडीच्या काचेला चीर गेली ती त्याचीच? आम्ही हॉलच्या गेटशी गाडी लावली होती, चांगली वीस पावलं लांब, टक्क आवाज आला आणि हे म्हणाले नारळाची कवटी पडली असेल. नारळाचं झाड तिथे नाहीच हे आत्ता लक्षात येतंय. काचेचं आपण चवथीनंतर बोलू. खजिनदारभाऊ, पाचवी पावती धरून ठेवा.

लापशीला उपाय, खालून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. फणस कापताना सुरीला लावतो तसा. आमच्या मशीनला करतो, गवत सुटून येतं.

साळगावचे काका — शनिवार रात्री ८.४०

तेल बरोबर. आणि दुपारी दोननंतर मारा, उघडीप असेल तर तोवर वरचं पाणी निथळतं. सकाळी सहाला दव आणि पाऊस दोन्ही अंगावर घेऊन कशाला. एकदम मुळाशी जाऊ नका, आधी वरचं अर्धं, मग खालचं. गमबूट घाला, चवथीच्या आधी अशा गवतात फुरसं दिसलं होतं विहिरीच्या बाजूला, तेव्हाचा गोंधळ सगळ्यांना आठवत असेलच.

खजिनदार — शनिवार रात्री ९.००

जाडं रीळ मी आणलं कारण फोनवर "अर्जंट" असं सांगण्यात आलं. गाडीच्या काचेचा विषय कार्यकारिणीत येईल, इथे नाही. २ मिलिमीटरचं रीळ मंजूर. फक्त रीळ.

सचिव, पर्वरी — रविवार दुपारी ४.३०

जुनं अर्धं उरलेलं पातळ रीळ शेडमध्ये सापडलं, ते रात्री पाण्यात ठेवून आज घातलं. गार्ड नाही म्हणून दोरी हाताने वीतभर ठेवून कापली आणि फक्त मोकळ्यावर, कोणी आसपास नसताना, दहा फूट चालवून बघितलं. चालवताना फरक हातालाच कळतो, आवाजच वेगळा, आधी घरघर होती आता शीळ. पण गार्डशिवाय पुढे चालवणार नाही, नडगी निळी झालीय.

वाळपईकर म्हणतात गार्ड त्यांनी मखराच्या पेटीत टाकला, स्क्रू त्याच्याच आत चिकटपट्टीने लावलेत. पेटीला कुलूप आहे. माझ्याकडे किल्ली नाही, खजिनदारांकडे नाही, वहिनी म्हणतात गेल्या विसर्जनानंतर मस्कतकरांनी पेटी बंद केली होती. मस्कतकर, किल्ली तुमच्याकडे तिथे आहे का पेडण्याला? आज रात्री कळवा, नाहीतर उद्या कुलूप तोडतो.